बिदागी कोणाच्या खिशातून?

राळेगाव तालुक्यात कलेचा हंगाम कापूस ठरवतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास पहिली वेचणी होते, जिनिंगसमोर कापसाच्या गाड्या उभ्या राहतात, चुकारे हातात पडू लागतात आणि मग गावोगाव भागवत सप्ताह, खंजिरी भजनाच्या स्पर्धा, दुय्यम कव्वालीचा सामना, दंडार, नाटक असे काही ना काही उभे राहते. होळी झाली की हात आखडतो. मृगाआधी बी-खताची जुळवाजुळव सुरू झाली की गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला कोणी बोलावत नाही. तो दुसऱ्याच्या वावरात निंदण-डवरणीला जातो. काही महिने कला आणि उरलेले महिने मजुरी, असे हे गणित पिढ्यानपिढ्या चालत आले आहे.

या गणितात सरकार फार उशिरा आले आणि आले तेही बेताचेच. त्यामुळे अनुदान आटले तर काय करायचे, हा प्रश्न शहरातल्या संस्थांना जितका धसका देतो तितका तो इथल्या भजनी मंडळाला देत नाही. पण याचा अर्थ इथला कलावंत सुखात आहे, असा मुळीच नाही. त्याला पूर्वी जे पोसत होते तेही आता पुरेसे पोसत नाहीत, आणि नव्याने जे पोसू शकतील त्यांच्यापर्यंत तो पोचलेला नाही. पैसा कुठून येऊ शकतो आणि येताना तो कलेचे काय करतो, हे या प्रकरणात पाहायचे आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: एकाच दात्यावर विसंबलेली कला त्या दात्याबरोबर बुडते. मग तो दाता राजा असो, सरकार असो की कंपनी.

याचा सर्वात जवळचा पुरावा आपल्याच भागातल्या परधान समाजात सापडतो. यवतमाळ, चंद्रपूर, आदिलाबाद या पट्ट्यात गोंड आणि परधान यांचे नाते फार जुने. परधान हे गोंडांचे गायक. देवांच्या आणि कुळांच्या कथा त्यांच्या मुखात. परधान घराची यजमान घरे ठरलेली असत. लग्नकार्य, मृत्यूनंतरचे विधी, देवाची पूजा अशा प्रसंगी परधान किंगरी हे वाद्य घेऊन येई, रात्रभर गाई आणि धान्य, कपडे, कधी एखादे जनावर घेऊन परते. हा त्याचा हक्क होता, त्यात भीक मागण्यासारखे काही नव्हते. पुढे जंगल सरकारी झाले, गोंडांच्या जमिनी सावकारांच्या घशात गेल्या, यजमानच कंगाल झाला. मग गायकाला काय मिळणार?

मध्य प्रदेशातल्या पाटनगढचा जनगढसिंह श्याम हा याच समाजातला तरुण. १९८१ साली भोपाळच्या भारत भवनासाठी काम करणाऱ्या चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांच्या माणसांच्या नजरेला त्याची भिंतीवरची चित्रे पडली आणि तो भोपाळला आला. जे गाण्यातून सांगितले जात होते ते त्याने कागदावर आणि कॅनव्हासवर आणले. त्याच्या मागोमाग भाऊबंद आले आणि बघता बघता एक अख्खी चित्रशैली उभी राहिली. भज्जू श्याम यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनावरचे 'भीमायन' हे चित्रपुस्तक रंगवले, ते २०११ साली निघाले आणि जगभर पोचले. यजमान गेले, तिथे गॅलरी, प्रकाशक आणि संग्राहक आले.

ही गोष्ट आनंदाचीच आहे. तिची दुसरी बाजूही मात्र नजरेआड करता येत नाही. पैसा चित्राला मिळाला, किंगरीला मिळाला नाही. चित्र भिंतीवर टांगता येते, विकता येते, विमानात घालून नेता येते. रात्रभराची कथा कोणी विकत घेऊन जात नाही. म्हणून एकाच समाजाच्या दोन कलांपैकी एक वर गेली आणि दुसरी ऐकणारी माणसे शोधत राहिली. दाता बदलला की कलेचे रूप बदलते, हे लक्षात ठेवूनच नवा दाता शोधायला हवा.

मराठी व्यावसायिक रंगभूमीचा जन्मही अशाच एका संकटातून झाला, हे आपण सोयीने विसरतो. सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या सांगण्यावरून विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी 'सीता स्वयंवर' केले. दरबारचा आश्रय, नटांना दरबारी नोकऱ्या, साहित्य दरबारचे, प्रेक्षकही दरबारचेच. १८५१ साली चिंतामणराव वारले आणि नव्या कारभाराने हात काढून घेतला. भाव्यांच्या डोक्यावर कर्ज, मागे नटांचा जथा. दुसरा कोणी असता तर त्याने मुखवटे पेटीत बंद केले असते. भाव्यांनी मंडळी घेऊन गावोगाव दौरा सुरू केला, मुंबई गाठली आणि १८५३ साली ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून खेळ केले. तिकीट काढून नाटक पाहायचे ही सवय मराठी माणसाला लागली ती त्यानंतर. पुढे संगीत नाटकाच्या कंपन्या उभ्या राहिल्या त्या याच तिकीटबारीच्या जोरावर. राजाचा आश्रय टिकला असता तर नाटक सांगलीच्या वाड्यातच राहिले असते, असे मला खात्रीने वाटते.

पलुस्करांचे उदाहरणही याच जातीचे. विष्णु दिगंबर मिरजेचा राजाश्रय सोडून बाहेर पडले, जाहीर मैफली करत फिरले आणि ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. ते विद्यार्थ्यांच्या फीवर आणि लोकांच्या देणग्यांवर चालले. दरबारी गवय्याला तोवर जी प्रतिष्ठा नव्हती ती शिक्षकाला मिळाली.

स्वातंत्र्यानंतर राज्य पुढे आले. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ साली सुरू झाली आणि तिने तालुक्याच्या गावातल्या शिक्षकाला, कारकुनाला रंगमंच दिला. त्याच सुमारास, १९५४-५५ पासून, वृद्ध साहित्यिक-कलावंतांचे मानधन सुरू झाले. या दोन गोष्टींबद्दल महाराष्ट्राने अभिमान बाळगावा. पण मानधनाचे आकडे पाहा. राष्ट्रीय पातळीच्या कलावंताला महिना ३,१५०, राज्य पातळीच्याला २,७०० आणि जिल्हा पातळीच्याला २,२५० रुपये, असे दर अनेक वर्षे चालले. २०२४ मध्ये योजनेला राजर्षी शाहू महाराजांचे नाव मिळाले आणि सरसकट ५,००० रुपये झाले. एका जिल्ह्यातून वर्षाला १०० नवे लाभार्थी घेतले जातात. यवतमाळसारख्या सोळा तालुक्यांच्या जिल्ह्यात म्हणजे तालुक्याच्या वाट्याला सरासरी सहा-सात. भजनी मंडळे, गायन पार्ट्या, दंडारी, वाजंत्री, कीर्तनकार, नकलाकार यांची एखाद्या मोठ्या गावातली संख्याच त्याहून जास्त निघेल.

शिवाय अर्जाबरोबर कलेचा पुरावा लागतो. जन्मभर ढोल वाजवणाऱ्या माणसाकडे ना प्रमाणपत्र, ना वर्तमानपत्राचे कात्रण. इथे गावातला शिक्षक, ग्रंथपाल, कॉलेजचा मुलगा मोठे काम करू शकतो. कार्यक्रमाची पत्रिका जपायची, तारखेसह फोटो काढायचा, मंडळाच्या लेटरहेडवर दोन ओळींचे पत्र द्यायचे. याला एक पैसा लागत नाही, आणि पुढे याच कागदांवर म्हाताऱ्या माणसाचे औषधपाणी चालते.

सरकारी हात आखडण्याचा अनुभव फक्त आपला नाही. अमेरिकेत १९९६ साली राष्ट्रीय कलानिधीची तरतूद १६ कोटी २० लाख डॉलरवरून १० कोटींच्याही खाली आली आणि एकेकट्या कलावंतांना मिळणारी बहुतेक मदत बंद झाली. त्यावर उतारा म्हणून १९९९ साली न्यूयॉर्कमध्ये 'क्रिएटिव्ह कॅपिटल' ही खासगी संस्था निघाली. तिने पैशाबरोबर हिशेब, करार आणि नियोजनाचे शिक्षणही कलावंतांना देऊ केले. आपल्याकडे बंगळुरूचे 'इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स' १९९५ पासून मदत देत आले आहे आणि त्यांच्याकडे कोणत्याही भारतीय भाषेत अर्ज करता येतो. मराठीत लिहिलेला अर्ज चालतो, ही माहिती राळेगावच्या एखाद्या अभ्यासू तरुणाला मिळाली तर किती बरे होईल! दंडारीचे जुने खेळ नोंदवून ठेवण्याचे काम असल्या मदतीतूनच होऊ शकते.

पण या साऱ्यापेक्षा मोठा धडा आपल्या शेजारी आहे. वर्धा नदी ओलांडून पूर्वेला, वैनगंगेच्या खोऱ्यात, झाडीपट्टीची रंगभूमी अनुदानाची वाट न पाहता उभी आहे. तिच्याकडे जरा थांबून पाहू.

गडचिरोली जिल्ह्यातले वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या रंगभूमीचे केंद्र. गोंदियाहून चंद्रपूरकडे जाणाऱ्या रेल्वेवरचे हे गाव. दिवाळीच्या आधी इथे नाटक कंपन्यांची कार्यालये गजबजतात आणि आसपासच्या गावांतली मंडळे नाटक ठरवायला येतात. धान कापून झालेले असते. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, पुढे शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, होतात. लेकीबाळी माहेरी येतात, पाहुणेरावळे जमतात, सोयरिकीची बोलणी होतात आणि रात्री नाटक. मंडळाचे पुढारी तारीख सांगतात, नाटक निवडतात, कोण नट-नटी येणार ते विचारतात आणि इसार देऊन उठतात. कंपनी ठरलेला दर घेते आणि त्यात पडदे, प्रकाश, ध्वनी, वादक, नट सगळे आणते. मंडप, जाहिरात, तिकीटविक्री, बंदोबस्त हे गावाचे. दारावर जमलेला पैसाही गावाचा. नटाला प्रत्येक रात्रीचे पैसे भूमिकेप्रमाणे आणि नावाप्रमाणे मिळतात. रात्री उशिरा सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते, कारण लांबच्या गावाहून आलेल्या प्रेक्षकाला उजाडल्यावरच परतायचे असते. सकाळी कंपनी सामान गाडीत भरते आणि पुढच्या गावाला लागते.

यातली रचना किती शहाणपणाची आहे ते आकड्यांत मांडू. समजा, कंपनीचा दर ६०,००० रुपये, मंडप आणि जाहिरातीचा खर्च २०,००० आणि तिकीट ७० रुपये. दीड हजार माणसे आली तर जमा १,०५,०००. खर्च वजा जाता मंडळाकडे २५,००० उरतात. हा पैसा शाळेच्या खोलीला, देवळाला, वाचनालयाला, पुढच्या वर्षीच्या खेळाला लागतो. अवकाळी पाऊस आला आणि आठशेच माणसे जमली, तर मंडळाला २४,००० ची खोट. पण कंपनीचे साठ हजार मात्र ठरलेले. म्हणजे जोखीम अख्ख्या गावात वाटली जाते, नटाची मजुरी सुरक्षित राहते आणि नाटक यशस्वी होण्यात शे-दोनशे घरांचा जीव अडकलेला असतो. तिकिटे विकायला माणूस नेमावा लागत नाही, गावची पोरे दारोदार जाऊन विकतात. कोणत्याही सरकारी योजनेला गावाचा एवढा सहभाग मिळालेला मी पाहिलेला नाही. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे या रंगभूमीवर हजारो प्रयोग करून म्हातारे झाले आणि २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. राज्याने सन्मान दिला, पण त्याआधीची पन्नास वर्षे प्रेक्षकांनी तिकीट काढून त्यांना जगवले.

झाडीपट्टीवर स्तुतिसुमने वाहून थांबणारे लेख पुष्कळ निघतात. तिची दुखणीही सांगितली पाहिजेत. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली आणि शंकरपट थांबले. पट नाही तर पाहुणे नाहीत, पाहुणे नाहीत तर रात्रीचे नाटक कोण पाहणार? डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती कायम केली, पण मधली वर्षे अनेक मंडळांना जड गेली. त्यातच करोना आला आणि गर्दीवर जगणाऱ्या सगळ्या कलांबरोबर ही रंगभूमीही ठप्प झाली. तिकिटावर जगणाऱ्या कलेला गर्दी बंद म्हणजे चूल बंद. त्या वेळी राज्याने कलावंतांना एकरकमी ५,००० रुपये जाहीर केले. घर चालवायला ते किती दिवस पुरले असतील याचा हिशेब कोणालाही करता येईल. तिकीटबारीचा दुसरा तोटा असा की गर्दी ज्याला येईल तेच वाढत जाते. नाटकाशेजारी डान्स हंगामा उभा राहिला, त्याची गर्दी पाहून नाटकातही नाच वाढला. आणि सर्वात दुखरी गोष्ट: या नटांच्या घामातून गावाला शाळेची खोली मिळाली, देवळाचा कळस चढला, पण आजारी पडलेल्या नटासाठी, पडदे ओढणाऱ्यासाठी कायमची शिल्लक कोणीच बाजूला काढली नाही. हा दोष व्यवस्थेचा आहे आणि तो दुरुस्त करता येण्यासारखा आहे.

राळेगावला ही पद्धत जशीच्या तशी उचलून आणता येणार नाही. मंडईची ती परंपरा धानाच्या मुलखाची. कापसाच्या मुलखाचे सण वेगळे. पण लोकवर्गणीची ताकद इकडेही कमी नाही. यवतमाळचा दुर्गोत्सव विदर्भात नावाजलेला आहे आणि तो लोकांच्या पैशावर होतो. तालुक्याच्या गावांतही गणपती, दुर्गा, भीमजयंती, तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी यांसाठी वर्गणी निघते. प्रश्न वर्गणी कुठे जाते हा आहे. मंडप, रोषणाई आणि ध्वनिक्षेपकाच्या भिंती यांत बहुतेक पैसा संपतो. गाणाऱ्या मंडळाला नारळ, शाल आणि जेवण. हा पैसा आहेच, नव्याने गोळा करायचा नाही. तो फक्त माणसाकडे वळवायचा आहे.

सगळ्याच कला तिकिटावर किंवा वर्गणीवर जगणार नाहीत, हेही मान्य करू. कोलामांच्या पोडावरचा, म्हणजे वस्तीवरचा, नाच हा त्यांच्या देवाधर्माचा भाग आहे. महाराष्ट्रात ज्या तीन आदिवासी समाजांना विशेष असुरक्षित मानले जाते त्यांत कोलाम आहेत. त्यांचा नाच मंत्र्याच्या स्वागताला रस्त्यावर उभा करायचा आणि हातावर थोडे पैसे ठेवायचे, ही मदत नव्हे. राळेगाव तालुक्यातली काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभेला आपल्या प्रथा-परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार दिला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने सामूहिक वनहक्क मिळवून बांबू विकला आणि स्वतःचा निधी उभा केला. जिथे ग्रामसभेकडे असे उत्पन्न आहे तिथे कोणाला किती द्यायचे, कार्यक्रम बाहेर दाखवायचा की नाही, हे पोडाने ठरवावे. बाहेरच्या दात्यापेक्षा हा मार्ग मला कितीतरी सन्मानाचा वाटतो.

तिकीट पुरे पडत नाही अशी दुसरी जात म्हणजे अवघड विषयाचे नाटक. ११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे उद्घाटन वैशाली येडे यांनी केले. आधीच्या उद्घाटक नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतल्याने तो सोहळा वादात सापडला होता. येडे शेजारच्या कळंब तालुक्यातल्या राजूरच्या. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी बसवलेल्या 'तेरवं' या नाटकात त्यांनी काम केले होते. असे नाटक उभे करायचे तर नेपथ्याच्या आधी एक खर्च येतो, तो म्हणजे बुडालेली मजुरी. कष्टकरी बाई तालमीला येते तेव्हा तिचा रोज बुडतो, मुलांना कोणाकडे तरी ठेवावे लागते, एसटीचे भाडे लागते. आपल्या अंदाजपत्रकात हे कलम लिहिलेलेच नसते. पुण्यात अतुल पेठे यांनी २०१२ साली गो. पु. देशपांडे यांचे 'सत्यशोधक' महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन केले, तेव्हा कामगारांची युनियन पाठीशी उभी होती. संघटना पाठीशी असली की मजुरीचा प्रश्न सुटण्याची वाट निघते. बचत गटांचे संघ, शिक्षकांच्या पतसंस्था, सहकारी संस्था यांनी एकेका नाटकामागे असे उभे राहणे अशक्य आहे का?

आता कंपन्यांच्या पैशाकडे येऊ. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजासाठी (सीएसआर) खर्चावे लागतात. कशावर खर्चायचे त्या यादीत वारसा, कला आणि संस्कृतीचे जतन, पारंपरिक कलांचा विकास, सार्वजनिक ग्रंथालये यांची नावे स्पष्ट आहेत. यवतमाळ जिल्ह्यात वणी भागात वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कोळसा खाणी आहेत, मुकुटबनला सिमेंटचा कारखाना आहे. म्हणजे दार आहे. त्यातून आत जायला मात्र नोंदणीकृत संस्था, आयकर खात्याची नोंदणी आणि देणगीवरच्या करसवलतीची प्रमाणपत्रे, सीएसआर-१ क्रमांक आणि तपासलेले हिशेब लागतात. दहा माणसांच्या भजनी मंडळाला हे जमणार नाही आणि त्यांनी त्यात पडूही नये. तालुक्यातल्या किंवा जिल्ह्यातल्या कलावंतांची मिळून एक संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवावी, कागद तिने सांभाळावेत, मंडळांनी गावे.

धोकाही समजून घेऊ. खाणीच्या धुळीवर पोवाडा रचणाऱ्या शाहिराने खाणीचा पैसा घ्यावा का? माझे मत असे: पैसा संस्थेने घ्यावा, पण दोन अटी कागदावर लिहून. दात्याला संहितेत बोट घालता येणार नाही, आणि कोणत्याही एका दात्याचा वाटा वर्षाच्या जमेच्या चौथ्या भागापेक्षा जास्त असणार नाही. दुसरी अट पाळली गेली तर पहिली पाळणे सोपे जाते. दाता रुसून गेला तरी तीन भाग हातात राहतात.

उरला कायमचा निधी. मला सर्वात जास्त आशा याच्याबद्दल वाटते, कारण त्याचा मराठी नमुना आपल्यापुढे आहे. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सामाजिक कृतज्ञता निधीसाठी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग महाराष्ट्रभर केले. जमलेली रक्कम मोडली नाही. तिच्या व्याजातून पूर्णवेळ सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन सुरू झाले. नटांनी कार्यकर्त्यांसाठी जे केले ते समाजाने आता नटांसाठी करायला हवे. १९७६ च्या 'मंथन' चित्रपटासाठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले होते, हेही आठवावे. गरीब शेतकरी कलेला पैसा देत नाही, हा समज त्याने कायमचा खोडून काढला.

राळेगावपुरता विचार करू. समजा, तालुक्यातल्या शंभर मंडळांनी दोन हंगामांत मिळून प्रत्येकी १०,००० रुपये घातले, तर दहा लाख होतात. सात टक्के व्याजाने वर्षाला ७०,०००. पावसाळ्याच्या रिकाम्या महिन्यांत चौदा वयस्क कलावंतांना प्रत्येकी पाच हजार यातून देता येतील. रक्कम लहान आहे. पण ज्या महिन्यांत घरात दाणा नसतो नेमक्या त्याच महिन्यांत ती मिळेल. पुढे विवाहप्रसंगी, बारशाला, सेवानिवृत्तीच्या दिवशी लोक यात भर घालू शकतात. राळेगावजवळच्या रावेरीचे सीतामंदिर शेतकरी नेते शरद जोशी यांच्या पुढाकाराने पुन्हा उभे राहिले. परित्यक्ता सीतेच्या त्या स्थानी शेतकरी बायांचा मेळावाही भरला. जिथे हे झाले तिथे कलावंतांचा निधी होणार नाही, असे म्हणायला मी तयार नाही.

एका गोष्टीवर मात्र ठाम राहिले पाहिजे. हा पैसा शेतकऱ्याच्या पट्टीतून परस्पर कापला जाता कामा नये. जुन्या बाजारांत धर्मादायाच्या नावाखाली अशी कपात होत असे आणि तिने शेतकरी नाडला गेला. यवतमाळ जिल्ह्याने शेतकऱ्यांच्या आत्महत्या पाहिल्या आहेत. इथे सक्तीची वर्गणी हा शब्दही तोंडातून निघू नये. मंडळे देतील, पगारदार देतील, यवतमाळ-नागपूर-पुण्याला स्थिरावलेले राळेगावकर देतील. कार्यक्रमाच्या वेळी क्यूआर कोड लावला तर प्रेक्षक दहा-वीस रुपये खुशीने टाकतात. ५०० रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही, तेव्हा लहान तिकीट लावायलाही भिण्याचे कारण नाही.

आणि लोक देऊ लागले म्हणून सरकारची सुटका होत नाही. तालुक्याला एक बऱ्यापैकी सभागृह, तालमीला जागा, म्हातारपणाचे मानधन वेळेवर, आजारपणाचा विमा ही कामे वर्गणीतून होणारी नाहीत. ती सरकारचीच आहेत आणि त्यांची मागणी आमदारांकडे, पालकमंत्र्यांकडे, ग्रामसभेच्या ठरावातून दरवर्षी झाली पाहिजे. लोकांचा पैसा कलावंताला हंगामभर काम देईल. हंगाम नसताना त्याला सांभाळणे हे राज्याचे कर्तव्य आहे.

वाचकांना एक विनंती. यंदा तुमच्या मंडळाची बैठक होईल, खर्चाची यादी लिहायला कोणी वही उघडेल, तेव्हा पहिली ओळ कलावंताच्या मानधनाची लिहायला लावा. आकडा त्यांना विचारून लिहा, निम्मी रक्कम इसार म्हणून आधी द्या आणि उरलेली त्याच रात्री, गाडी सुटण्यापूर्वी. मंडप आणि रोषणाईचा हिशेब त्यानंतर करा.